कच्च्या मडक्यावर कृपा होते का?

प्रश्न : माळ घालून बरीच वर्षं झाली. हरिपाठ चुकत नाही, पण स्वभाव काही जात नाही. रागाच्या भरात घरच्यांना तोडून बोलतो. एकादशी कधीमधी मोडते. वाटणीच्या वेळी विहिरीतला धाकट्या भावाचा हिस्सा मी दाबला, ते आता फार खुपतं. अशा माणसावर पांडुरंग दया करील का? आणि तसाही करणारच असेल, तर मग नीट वागायचं कशासाठी?
— एक माळकरी, सांगोला तालुका

उत्तर : माउली, आधी माणूस सुधारेल आणि मगच देव त्याला जवळ करील, असं तुम्ही धरून चालला आहात. वारकरी परंपरेत हा क्रम उलटा आहे.

नामदेवरायांचंच बघा. लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, असं परंपरा सांगते. पुढे संतांचा मेळा जमला, तेव्हा मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभार मडकी ठोकायचं थापटणं घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहू लागले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र चिडले. हे मडकं कच्चं आहे, असा गोरोबांनी निवाडा दिला.

म्हणजे नैवेद्य खाल्ला तोही कच्च्याच्याच हातचा, आणि देवाला ते ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! कच्चे ठरल्यावरही त्याने नामदेवांना टाकलं नाही. औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठवलं. कुंभारही कच्चं मडकं मोडलं तर ती माती भिजवून पुन्हा चाकावर घेतो. कच्चेपणाला उपाय असतो.

आणि हे विसोबा तरी कोण? ज्ञानदेवादी भावंडांना छळणारे. मुक्ताबाईला मांडे करायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना अडवणारे. पुढे डोळे उघडले तेव्हा त्यांनी त्याच भावंडांचे पाय धरले. असा माणूस नामदेवांचा गुरू झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गीतेच्या नवव्या अध्यायातला 30वा श्लोक सांगतो, की मोठा दुराचारीही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे. 31वा श्लोक लगेच पुढे सांगतो, की तो लवकरच धर्मात्मा होतो. हे दोन्ही श्लोक जोडीनेच वाचायचे. दया आधी येते आणि मग तीच माणसाला बदलते. जी दया घेऊन माणूस होता तसाच राहिला, ती त्याने खरी घेतलीच नाही.

म्हणून देवाने क्षमा केली तरी भावाचं देणं फिटत नाही. विसोबा ज्यांचे अपराधी होते त्यांच्याचपुढे वाकले. तुम्हीही भावाच्या घरी जा. पाण्याच्या पाळ्या ठरवा, त्याच्या हिश्शाची नोंद सातबाऱ्यावर करून द्या. तो लगेच गोड बोलेलच असं नाही, तरी द्या.

रागाला वेळ लागेल. तोडून बोललात तर त्याच दिवशी माफी मागा आणि हरिपाठाला बसा. मोडली एकादशी, तर पुढची धरा. पात्र झाल्यावर देवापुढे उभं राहू म्हणाल तर सगळा जन्म सरेल; आहात तसे आजच उभे राहा.