पेशी पुढं ढकलायची तर अर्ज लेखीच द्या

वाटणीच्या दाव्यात माझ्या साक्षीची पेशी होती आणि आदल्या रात्री आईला लातूरच्या दवाखान्यात आयसीयूत ठेवावं लागलं. आमच्या कर्नाटकातल्या औराद भागातले लोक मोठ्या आजाराला उदगीर-लातूरच गाठतात. तिथूनच वकीलसाहेबांना फोन केला, डॉक्टरांचं पत्र मोबाइलवर पाठवलं. ‘आईकडं बघा, पेशीचं मी बघतो,’ हे त्यांचे शब्द.

नंतर पुढची तारीख विचारली की कारकून म्हणायचा, ‘साहेब बीदरला गेलेत.’ शेवटी भाच्यानं ई-कोर्ट्स ॲपवर केस बघितली, तर दावा वजा! वकील म्हणाले, ‘जजसाहेबांनी ऐकलंच नाही.’ मी हुकुमाची नक्कल काढली आणि कन्नड येणाऱ्या शिक्षकाकडून एकेक ओळ वाचून घेतली. पुकारा झाला, प्रतिवादी हजर, वादी व त्यांचे वकील गैरहजर, मुदतीचा अर्ज नाही. हातपाय गार पडले माझे. मी वेळेत कळवलं, कागद पाठवला, फी कधी थकवली नाही. आणि या माणसानं दावा पुन्हा चालू करायच्या अर्जासाठी वेगळी फी मागितली! आजही ते आठवलं की डोकं तापतं.

म्हणून सांगतो. फोनवरच्या ‘बघतो’वर राहू नका. मुदतीचा अर्ज लेखी, कारण सांगणाऱ्या शपथपत्रासह आणि दवाखान्याच्या तारीख असलेल्या कागदासह जातो. मजकूर कन्नडमध्ये असेल तर समजून घेतल्याशिवाय सही करू नका. दाखल केलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. दाव्यात भाऊ-बहीण सहवादी असतील तर एकाला तरी कोर्टात हजर ठेवा. आम्ही दोघे भाऊ लातुरात होतो, हे समोरच्यांच्या पथ्यावर पडलं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणं मुदत मागणं हा हक्क नाही. पुरेसं कारण दाखवावं लागतं, सुनावणीत एका पक्षाला साधारण 3 पेक्षा जास्त वेळा मुदत नाही, आणि समोरच्याचा खर्चही भरावा लागू शकतो. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं सेलम वकील संघटनेच्या प्रकरणात सांगितलं, की खरोखर हाताबाहेरची अडचण असेल तर कोर्ट या मर्यादेपलीकडंही जाऊ शकतं. आईचं आजारपण त्यात बसतं. लग्न, जत्रा, पेरणी यांच्या भरवशावर राहू नका. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे कारण तर कायद्यानंच नाकारलंय.

पेशीच्या संध्याकाळी ॲप स्वतः बघा. कागद नीट जपा, वकिलाच्या संपर्कात राहा, हे तर सगळेच सांगतात.

वादी गैरहजर म्हणून दावा वजा झालाच, तर त्याच कारणावर नवा दावा टाकता येत नाही. तोच दावा चालू करून घ्यायला वजा झाल्यापासून 30 दिवस मिळतात. ते उलटले तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज जोडून प्रत्येक दिवसाचा खुलासा करावा लागतो. मी दुसरे वकील लावून, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड जोडून मुदतीत अर्ज टाकला. दावा चालू झाला. समोरच्यांचा खर्च मात्र कोर्टानं माझ्याकडूनच भरून घेतला. पहिल्या वकिलांकडं मी त्यातले अर्धे पैसे मागितले, तर त्यांनी फोन ठेवला.