पडद्यावरची मोटार

(संगणकावरील मोटारींचे काही खेळ केवळ करमणुकीसाठी असतात, तर काही खऱ्या मोटारीची हुबेहूब नक्कल करतात. या दोहोंतील फरक या पाठात सांगितला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मोटारींच्या शर्यतीचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. बटण दाबले की गाडी भरधाव सुटते. वळण आले तरी वेग कमी करावा लागत नाही. गाडी भिंतीवर आदळते, गिरकी खाते आणि पुन्हा धावू लागते. कोणाला साधे खरचटतही नाही. हे पाहून एखाद्याला वाटते, 'मला मोटार चालवता येते!' खरेच येते का? चला, आज आपण याचा विचार करू.

जपानमध्ये १९८६ साली 'आउट रन' नावाचा खेळ निघाला. त्यात गाडी उलटली की आतली माणसे बाहेर फेकली जातात. पण क्षणभरात गाडी पुन्हा रस्त्यावर उभी असते आणि प्रवास सुरू होतो. १९९२ साली आलेल्या 'सुपर मारिओ कार्ट' या खेळात तर मागून येणाऱ्याच्या वाटेत केळ्याची साल टाकता येते! अशा खेळांत मौज हाच हेतू असतो. लहान मुलालाही तो पाच मिनिटांत खेळता यावा, म्हणून निसर्गाचे नियम मुद्दाम सैल केलेले असतात. यात वाईट काही नाही. खेळ हा खेळच असतो.

दुसरा प्रकार म्हणजे सिम्युलेटर. सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राची नक्कल करून शिकवणारे साधन. याची सुरुवात विमानापासून झाली. अमेरिकेतील एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन हे वाद्य बनवण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातील हवेचे भाते वापरून लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच डोलणारे, वळणारे एक खोटे विमान तयार केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांनी अशा यंत्रात पहिले धडे घेतले. जमिनीवर केलेल्या चुकीने कोणाचा जीव जात नाही, हा त्याचा मोठा फायदा होता.

मोटारीचा सिम्युलेटर काय करतो? तो प्रत्येक क्षणी गणित करत असतो. टायरने रस्ता किती धरला आहे? ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर किती आला? रस्ता ओला आहे की कोरडा? या सर्वांचा हिशेब करून तो गाडी हलवतो. चांगल्या सिम्युलेटरला खरे सुकाणू आणि पेडल जोडलेली असतात. टायर घसरू लागले की ते सुकाणूतून हातांना जाणवते.

आता एक सोपे उदाहरण पाहा. समजा, ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर ९ मीटर अंतरावर थांबते. वेग ८० झाला तर ती किती अंतरावर थांबेल? तुम्ही म्हणाल, १८ मीटर. नाही! ती सुमारे ३६ मीटर जाईल. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. करमणुकीचा खेळ हा नियम विसरतो. सिम्युलेटर विसरत नाही, आणि खरा रस्ता तर कधीच विसरत नाही.

१९९७ साली जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांच्या देखरेखीखाली 'ग्रान टुरिस्मो' हा खेळ तयार झाला. त्यात मोठ्या शर्यतींत उतरण्यापूर्वी परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. ठरावीक जागी थांबणे, वळणापूर्वी वेग कमी करणे, हे आधी शिकावे लागते. २००८ साली या खेळातील कुशल खेळाडूंसाठी 'जी. टी. अकॅडमी' ही स्पर्धा सुरू झाली. स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ हा विद्यार्थी तीत पहिला आला. म्हणून त्याला लगेच शर्यतीत उतरवले का? नाही. आधी त्याला खऱ्या गाडीवर तालीम देण्यात आली. पुढे २०११ साली फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात दुसरा क्रमांक मिळवला.

पण याच स्पर्धेची दुसरी एक आठवणही सांगितली पाहिजे. २०११ सालचा विजेता यान मार्डनबरो हाही कुशल चालक झाला. २०१५ साली जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे शर्यत चालू असताना चढाच्या माथ्यावर त्याची गाडी हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे जाऊन पडली. तो वाचला, परंतु एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. पडद्यावर अशा वेळी 'पुन्हा सुरू करा' असे बटण असते. त्या दिवशी तिथे तसे बटण नव्हते.

मित्रांनो, सिम्युलेटर पुष्कळ शिकवतो. पण अचानक रस्त्यावर धावत आलेले मूल पाहून छातीत होणारी धडधड तो शिकवू शकत नाही. आपल्या देशात मोटारीचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो, तो काही उगाच नाही. तोपर्यंत पडद्यावर खुशाल शर्यती जिंका. मात्र घरातल्या गाडीची किल्ली हातात घ्यावीशी वाटली, तर ते ३६ मीटर आठवा.

शब्दार्थ
भरधाव – फार वेगाने
हुबेहूब – अगदी तसेच
भाता – हवा भरण्याचे व सोडण्याचे साधन
सुकाणू – गाडी वळवण्याचे चाक
तालीम – सराव, शिकवण

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एडविन लिंक यांनी खोटे विमान कोणत्या साली तयार केले?
(आ) वेग दुप्पट झाल्यास थांबण्याचे अंतर किती पट होते?
२. करमणुकीचा खेळ व सिम्युलेटर यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
३. 'त्या दिवशी तिथे तसे बटण नव्हते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. हुबेहूब, हवा, जमीन, परवाना, तालीम हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. 'तालीम' या शब्दाचा उर्दूतील व मराठीतील अर्थ ताडून पाहा.