पिवळा दिवा

मुलांनो, डहाणू तालुक्यातील विवळवेढे हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहे. येथून वेगाने जाणाऱ्या अनेक नव्या मोटारींत टायरमधील हवा कमी झाली की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. थंडीत पहाटे हवेचा दाब घटतो, तेव्हाही तो लागतो. टायर तापले की कधी विझतो. चाकातील सेन्सरची बॅटरी संपली, तर बहुधा मिनिटभर लुकलुकून तो तसाच पेटलेला राहतो. मग चालक म्हणतो, "हे तर रोजचेच!" धोका इथेच आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटू शकतो. तुमच्या घरी कोणी गाडी चालवत असेल, तर त्यांना सांगा : दिवा दहादा चुकला, तरी अकराव्यांदा हवा मोजाच, आणि टायर थंड असतानाच मोजा.