पाणवठ्यावरील समता : कायदा आणि गावाची जबाबदारी

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. देवळासमोर कीर्तन करण्यास मज्जाव झाला, तेव्हा नामदेव मागील बाजूस गेले आणि देऊळच त्यांच्या दिशेने फिरले. आख्यायिकेत देऊळ फिरते. गावाच्या व्यवहारात मात्र मज्जाव झालेल्या माणसाला कायद्याचा आधार घ्यावा लागतो. तो कसा घ्यावयाचा, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे. उन्हाळ्यात टंचाई भासू लागली की भेदभावाची झळ प्रथम पाणवठ्यावर जाणवते. म्हणून येथे पाणवठ्याचेच उदाहरण घेऊ.

महाडचा धडा

सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेऊन तो हक्क प्रत्यक्षात बजावला. त्यानंतर काही रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. ही रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळण्यात आले. या निकालाची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. अस्पृश्यताच बेकायदा आहे, असे तो निकाल म्हणत नाही. तरीही पुरावा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न किती निर्णायक असतो, ते त्यातून स्पष्ट होते. पाणी घेणाऱ्याने आपली पात्रता सिद्ध करावयाची नव्हती. मज्जाव करणाऱ्याने आपला अधिकार सिद्ध करावयाचा होता.

संविधानाने घडविलेला बदल

त्या काळी हिंगोलीचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून संविधानाने सर्वांना एकच हक्क दिला. अनुच्छेद १५ ने सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरातील भेदभावास मनाई केली, तर अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

या तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा अधिनियम आला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याचे कलम १२ विशेष महत्त्वाचे आहे. या अधिनियमाखालील अपराध ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नसल्याचे सिद्ध करणे ही आरोपीची जबाबदारी होय. कर्नाटकातील एका गावी कूपनलिकेचे पाणी घेण्यास मज्जाव झाला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली उच्च न्यायालयाचा दोषमुक्तीचा निर्णय फिरवला.

कोणता कायदा केव्हा ?

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला. २०१५ च्या दुरुस्तीने विहीर, नळ, स्मशानभूमी इत्यादी सामायिक साधनांच्या वापरास अडथळा करणे, तसेच सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे, हे स्पष्ट शब्दांत अपराध ठरविण्यात आले. जातपंचायतीने आपल्याच समाजातील कुटुंबास वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम उपयोगी पडतो. तो कोणत्याही जातिधर्माच्या पीडितास लागू आहे.

शासकीय यंत्रणेनेच दुर्लक्ष केले असेल, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे दाद मागता येते. जीवित, स्वातंत्र्य, समता व प्रतिष्ठा यांच्याशी निगडित हक्क म्हणजे मानवी हक्क, अशी १९९३ च्या अधिनियमाची व्याख्या आहे. आयोग शिक्षा देत नाही, शिफारस करतो. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करणे आवश्यक असते.

पहिले काही दिवस

कायदा कितीही भक्कम असला, तरी पहिल्या काही दिवसांतील नोंदींवर प्रकरणाचे भवितव्य अवलंबून असते. समजा, गावातील सार्वजनिक नळावर एका स्त्रीची घागर बाजूला सारण्यात आली. तिने प्रथम पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. तोंडी फिर्याद लिहून घेणे, ती वाचून दाखविणे व तिची प्रत देणे हे अत्याचार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ४ नुसार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यात कसूर करणे हाही अपराध होय. गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

नळ सार्वजनिक निधीतून उभारला असल्याची ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंद हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. सदस्यांनी ती नोंद विनाविलंब उपलब्ध करून द्यावी आणि ‘आपसांत मिटवा’ असा आग्रह धरू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच सर्व स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते. शिक्षकांनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी आणि शाळेत पाणी व पोषण आहार देताना सर्व मुले एकाच पंक्तीत बसतील, याची दक्षता घ्यावी. जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीची सभा तीन महिन्यांतून किमान एकदा घेणे नियमानुसार बंधनकारक आहे. प्रलंबित प्रकरणे तेथे मांडता येतात.

महाडच्या वादाचा निकाल लागण्यास सुमारे दहा वर्षे लागली. आज हक्क निर्विवाद आहे. घागर बाजूला सारली गेली, त्या दिवशी फिर्याद लिहून घेणारा आणि दप्तर उघडून देणारा माणूस आपल्या जागी हजर असला, तर त्या स्त्रीला दहा वर्षे थांबावे लागणार नाही.