भाताच्या दाण्यांतील शिदोरी

गेल्या मृगांत प्रस्तुत लेखकानें तुळिंज येथील आपल्या उरल्यासुरल्या जमिनींत एकाच कणगींतील भात दोन वाफ्यांत पेरलें. एकांत निवडलेलें, दुसऱ्यांत जसें निघालें तसें. पहिल्यांतील रोप जोमानें उभें राहिलें, दुसऱ्यांतील विरळ व पिवळट निघालें. खत तेंच, पाणी तेंच. भेद होता तो दाण्याच्या आंत.

आपण शिजवून खातों तो तांदूळ म्हणजे बहुतेक सर्व पुष्क, अर्थात् गर्भासाठीं सांठविलेलें अन्न होय. गर्भ हा दाण्याच्या एका टोंकास बारीक ठिपक्याएवढा असतो व सडतांना बहुधा तोच गळून जातो. पुष्काची उत्पत्ति १८९८ सालीं नवाशिन या रशियन शास्त्रज्ञानें लिलीच्या कुलांतील फुलांत दाखविली. परागनलिकेंतून दोन नरकेंद्रकें आंत उतरतात. एकाच्या मीलनानें गर्भ होतो. दुसरें तेथील दोन केंद्रकांशीं एकरूप होऊन पुष्काचा आरंभ करतें. हें दुसरें मीलन फसलें तर गर्भ उपाशी मरतो.

पुष्क प्रथम पातळ असतें, मग त्यांत पिष्ट सांठतें. यासच आपण दूध भरणें म्हणतों. नारळांत तर हें डोळ्यांनीं दिसतें : शहाळ्याचें पाणी हें पातळ पुष्क आणि खोबरें हें घट्ट झालेलें. वालाची तऱ्हा निराळी. त्याचा गर्भ बीं पिकण्यापूर्वींच पुष्क खाऊन तें अन्न आपल्या दोन डाळिंब्यांत भरून ठेवतो.

पैसेवारीच्या पाहणींत दाणा चिमटींत दाबून दूध पाहण्याची आम्हां कारकुनांस संवय होती. त्याचा अर्थ मात्र निवृत्तीनंतर कळला! पूर्वींच्या आश्विनांत माझें भात दुधावर असतांना बांध फुटून खाचर कोरडें पडलें. दाणे अर्धवट भरले, आणि तेंच बीं कणगींत गेलें. पेरल्यावर गर्भाच्या इशाऱ्यानें पुष्काभोंवतालच्या पातळ थरांतून पाचक द्रव्यें सुटतात, पिष्टाची साखर होते व तिजवर रोप सुमारें तीन पानांचें होईतों वाढतें. शिदोरीच अपुरी असल्यास तें वाटेंतच थकतें.

यासाठीं १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें ओतावें व ढवळावें. तरंगलेलें काढून टाकावें. तळचें स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुऊन सावलींत वाळवावें. मीठ राहूं देऊं नये. माझ्या कणगींतील इतकें भात वर आलें कीं घरांत वाद झाला, म्हणूनच तो दुसरा वाफा पेरावा लागला.