पंधरा मिनिटांचे दर्शन

इटलीतील मिलान शहरी सांता मारिया देल्ले ग्राझिए नावाचे एक जुने चर्च आहे. त्याला लागून असलेल्या मठाच्या भोजनशालेत लिओनार्दो दा व्हिन्चीने १४९५ ते १४९८ च्या सुमारास ‘अखेरचे भोजन’ हे जगद्‌विख्यात भित्तिचित्र रंगविले.

ओल्या गिलाव्यावर झपाट्याने रंगवावे लागते. लिओनार्दोला सावकाश काम करावयाचे होते, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग दिले. परिणामी काही वर्षांतच त्यांचे पापुद्रे सुटू लागले. १९४३ साली बाँबवर्षावात भोजनशालेचे छप्पर कोसळले. सुदैवाने चित्राची भिंत वाचली. पुढे १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे त्याच्या दुरुस्तीचे काम चालले.

माणसांच्या श्वासातील ओलावा व कपड्यांवरील धूळ यांनीही या चित्राला अपाय होतो. म्हणून थोड्याच प्रेक्षकांना एका वेळी आत सोडतात, आणि तेही पंधरा मिनिटांपुरते. प्रवेशपत्रे पुष्कळ आधी संपतात. आयत्या वेळी दाराशी आलेला प्रवासी कितीही दुरून आलेला असो, त्याला बहुधा विन्मुख परतावे लागते.

शेजारच्या चर्चमध्ये आजही उपासना होते. तेथे प्रार्थना चालू असता हिंडणे अनुचित होय. म्हणून सुज्ञ प्रवासी निघण्यापूर्वीच प्रवेशपत्र मिळवितो. सुट्टीचा वार, प्रार्थनेच्या वेळा व पोशाखाचे नियम जाणून घेतो. चित्राची माहितीही वाचतो. अशा पूर्वतयारीमुळे त्याची पंधरा मिनिटे सार्थकी लागतात.

स्वाध्याय

१. चित्राचे रंग लवकर का सुटू लागले?
२. प्रेक्षकांना थोडाच वेळ का देतात?