नाशिकरोड ते पंढरपूर: परोपकारार्थ सायकलफेरी काढणाऱ्या मित्रमंडळींसाठी

नाशिकरोडच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून बिटको चौकात आलेल्या सायकलस्वारापुढे चार वाटा असतात. एक द्वारकेवरून जुन्या नाशकात नेणारी, दुसरी जेल रोडची, तिसरी मुक्तिधामावरून विहितगाव, देवळाली आणि भगूरकडे वळणारी, आणि चौथी सिन्नरफाट्यावरून थेट दक्षिणेस जाणारी. या चौथ्या वाटेने तीन दिवसांत पंढरपूर गाठावे आणि त्या निमित्ताने एखाद्या गरजू कार्यासाठी चार लोकांकडून द्रव्य गोळा करावे, असा संकल्प ज्या मित्रमंडळींच्या मनात येतो, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

संकल्प नवा नाही. २०१२ साली पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने नाशिकच्या सायकलस्वारांनी पंढरपूरची सायकलवारी सुरू केली आणि पुढे तिला शेकडोंनी साथ दिली. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, नाशिकच्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅनापोलिसपर्यंतची सुमारे तीन हजार मैलांची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघातून, नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. त्या साहसाला त्यांनी ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ असे नाव दिले होते, कारण आदिवासींच्या नेत्रोपचारासाठी साह्य मिळविणे हा त्यामागील हेतू होता. एक बंधू भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. दोघेही आपापला व्यवसाय सांभाळून सायकल चालविणारे. एक पेडल मारीत असताना दुसरा वाहनात विश्रांती घेई, आणि त्यांच्यामागे वाट दाखविणारे, अन्न देणारे, सायकल दुरुस्त करणारे सहकारी अहोरात्र जागे असत. फेरीला निघणाऱ्यांनी त्यांच्या वेगापेक्षा त्यांची ही व्यवस्था अभ्यासावी असे मला वाटते. वेग ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. व्यवस्था मात्र कोणालाही लावता येते.

व्यवस्थेत पहिला क्रम पैशाचा. पायांची तयारी तीन महिन्यांत होते, परंतु देणगीदाराचा विश्वास एकदा ढळला की तो त्या मंडळींपुरता कायमचा जातो, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या निरपराध मंडळींनाही त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून फेरीची तारीख ठरविण्यापूर्वी कार्य ठरवावे आणि तेही मोघम असू नये. ‘आदिवासी भागासाठी मदत’ अशा शब्दांत आवाहन करणे म्हणजे देणाऱ्याला अंधारात ठेवणे होय. त्याऐवजी पेठ, सुरगाणा अथवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील अमुक एका शाळेतील इतक्या मुलींना सायकली द्यावयाच्या आहेत, असे सांगितले की देणाऱ्यालाही आपला रुपया कोठे पोहोचणार हे उमगते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. तेव्हा मुख्याध्यापकांशी बोलून, त्या योजनेतून कोणाला लाभ मिळाला आणि कोण वंचित राहिले याची यादी घेऊन मगच आकडा निश्चित करावा. सायकलस्वारांनी सायकलच द्यावी, हे औचित्यालाही धरून आहे. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रिया, वसतिगृहातील धान्य, गावाची पाणीपुरवठ्याची टाकी ही कार्येही तितकीच थोर आहेत. अट एवढीच की गरज प्रत्यक्ष जाऊन पाहिलेली असावी.

द्रव्य आपल्या वैयक्तिक खात्यात कधीही घेऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखाली नोंदलेली, दरसाल हिशेब तपासून घेणारी एखादी संस्था निवडावी. तिचा नोंदणीचा दाखला आणि मागील वर्षांचे ताळेबंद पाहावेत, आणि देणगी सरळ तिच्याच खात्यात जमा व्हावी, पावतीही तिचीच फाटावी, अशी तजवीज करावी. ‘८०-जी’ या नावाने सर्वांना परिचित असलेली आयकराची सवलत दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला मिळत नाही, हे देणगीदारास आधीच सांगावे. परदेशी नागरिकत्व स्वीकारलेल्या आप्ताने प्रेमाने पाठविलेली रक्कमही कायद्याच्या दृष्टीने परकीय देणगी ठरते आणि तसा परवाना असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. अमेरिकेतल्या भाच्याला खाते-क्रमांक कळविण्यापूर्वी ही चौकशी करावी. फेरीचा हेतू, मार्ग, तारखा आणि संस्थेचे नाव यांची लेखी वर्दी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत देऊन तिची पोच दप्तरी ठेवावी.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की फेरीचा खर्च आणि कार्याची देणगी या दोन रकमा एका वहीत असल्या तरी एका रकान्यात येता कामा नयेत. राहणे, जेवणे, सामानाची गाडी, सायकलींचा परतीचा टेंपो आणि छापील बनियने यांचा खर्च स्वारांनी वर्गणीने आपसांत वाटून घ्यावा. ज्याने मुलीच्या सायकलीसाठी शंभर रुपये दिले, त्याच्या शंभरातला एक पैसाही आपल्या चहात जाता कामा नये. एखादा व्यापारी खास प्रवासखर्चासाठी काही देऊ इच्छीत असेल तर ते अवश्य घ्यावे, मात्र तसे लिहून घ्यावे. मंडळींपैकी जो सर्वांत काटेकोर असेल त्याच्याकडे जमाखर्च सोपवावा. तो सर्वांत वेगवान असण्याची मुळीच गरज नाही.

आता शरीराचा विचार. रोज दीडशे किलोमीटर जाणे हे निरोगी मनुष्याला अशक्य नाही, पण लागोपाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच जाणे ही वेगळी परीक्षा आहे आणि सराव त्या दुसऱ्या दिवसासाठी करावयाचा असतो. नाशिकरोडकरांना यासाठी एक उत्तम वर्तुळ घरच्या घरी उपलब्ध आहे: लॅम रोडने देवळाली, तेथून स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव भगूर, पुढे पांढुर्लीवरून सिन्नर, आणि मोहदरीचा घाट उतरून परत घरी. हे साठ-पासष्ट किलोमीटर होतात. सिन्नरला यादवकालीन गोंदेश्वराच्या प्रशस्त आवारात घटकाभर बसावे; त्या पंचायतन मंदिराचे शिल्प सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहण्यासारखे आहे. प्रथम हे वर्तुळ शनिवारी करावे, नंतर शनिवारी आणि रविवारी लागोपाठ करावे, आणि फेरीपूर्वी तीन आठवडे असताना एकदा शंभर व दुसऱ्या दिवशी ऐंशी किलोमीटर एवढी मजल मारावी. ज्यांना आपली कसोटी अधिक कडक लावावीशी वाटते त्यांनी ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत पार करावयाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, भाग घ्यावा, जेथे २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ३०० साठी वीस तास अशी मुदत असते. शेवटच्या आठवड्यात मात्र विश्रांती घ्यावी.

सायकल महागडी असण्याची आवश्यकता नाही. ती मापाची असावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात किंचित वाक राहील इतकी सीट उंच असावी, कारण गुडघेदुखीच्या तक्रारींचे मूळ बहुधा सीटच्या चुकलेल्या उंचीत असते. साखळी धुऊन तेल दिलेली, ब्रेकचे रबर नवे, टायर झिजलेले नसावेत. प्रत्येकाजवळ स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढण्याचे पट्टे, पंक्चरचे सामान आणि हातपंप असावा, आणि चाक काढून ट्यूब बदलणे प्रत्येकाला यावे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांवाचून कोणासही निघू देऊ नये, मग तो मंडळींचा म्होरक्या का असेना.

सायकलवारी आषाढीच्या आधी निघते आणि तो हंगाम विचारपूर्वक निवडावा असाच आहे. पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा नाशिकहून आग्नेयेस जाणाऱ्याच्या पाठीशी किंवा बाजूला राहतो, समोरून क्वचितच येतो. शिवाय इगतपुरीच्या डोंगरात तीन हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील नगर-करमाळ्याच्या मुलखात पोहोचेपर्यंत पाच-सहाशेवर येतो, त्यामुळे पहिल्या दिवशी भिजलेला स्वार दुसऱ्या दिवशी कोरड्या, पण उष्ण माळावरून जात असतो. दोन्हींची तयारी हवी. हिवाळ्यात जाणाऱ्यांना हवा सुखद मिळते, पण तेव्हा ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात असतो, आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात अचानक पुढे उभे ठाकतात. म्हणून हिवाळ्यात सूर्योदयापूर्वी रस्त्यावर उतरू नये, हा नियम मी निरपवाद मानतो.

पहिला दिवस नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. अंतर एकशेचाळीस ते दीडशे किलोमीटर. पुणे रस्त्याने शिंदे आणि पळसे ओलांडावे. त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीचा मुक्काम पळशाला असतो, आणि नगर, मिरजगाव, करकंब या पालखीच्या वाटेवरच्या गावांतून आपणही जाणार असल्याने, सायकलस्वार तिचे धाकटे सोबती ठरतात. पुढे मोहदरीचा घाट लागतो. तो लांब नाही, परंतु नुकत्याच तापलेल्या पायांनी उत्साहाच्या भरात तो जोराने चढणाऱ्याची रग दुपारी उतरते. हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्याच श्वासाने चढावे. सिन्नरनंतर नांदूरशिंगोटे येथे पुण्याचा महामार्ग सोडून तळेगाव दिघेमार्गे लोणीकडे वळावे. लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. चार लोकांनी भाग गोळा करून मोठे कार्य कसे उभारले हे ज्या सायकलस्वारांना समजून घ्यावयाचे आहे, त्यांनी येथे अर्धा तास थांबावे. कोल्हारला प्रवरा ओलांडून नगर-मनमाड रस्त्याला लागले की राहुरी येते. हा रस्ता अवजड वाहतुकीचा आहे आणि त्याची दुरवस्था वर्षानुवर्षे लोकांच्या तक्रारींचा विषय झालेली आहे. तेव्हा येथे सावध, एकामागे एक अशा ओळीनेच जावे.

दुसरा दिवस टेंभुर्णीचा, आणि खरा कस येथेच लागतो. मिरजगाव, करमाळा अशी ही वाट झाडे विरळ असलेल्या मोकळ्या माळावरून जाते. ऊन डोक्यावर येण्यापूर्वी करमाळा गाठण्याचा हिशेब ठेवावा आणि कमलाभवानीच्या मंदिरात दुपारची विश्रांती घ्यावी. दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात आलटून पालटून जलसंजीवनीची पुडी, आणि भूक लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे खाणे: केळी, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. नाशिककरांना मिसळीचा मोह आवरत नाही, परंतु तिखट तर्री पोटात घेऊन माळावर जाणे इष्ट नव्हे, मिसळ परतल्यावर. तिसऱ्या दिवशी टेंभुर्णी ते पंढरपूर एवढे पंचेचाळीस किलोमीटरच उरतात, आणि ते करकंबवरून रमतगमत जावे.

वाटेवरील शिस्तीबद्दल थोडेच सांगतो. सर्वांत पुढचा स्वार खड्डा, वाळू, कुत्रे यांची सूचना मोठ्याने आणि हाताने देतो व ती ओळीने मागे पोहोचवावयाची असते. सर्वांत मागे एक अनुभवी स्वार असावा आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर सर्वांनी एकत्र यावे. मुक्कामाची वेळ सर्वांत मंद गतीच्या मित्रावरून ठरवावी, आणि त्याला ते ओझे वाटू नये इतपत सौजन्य बाकीच्यांजवळ असावे. कोणाला चक्कर, छातीत दुखणे किंवा मळमळ जाणवली तर सायकल तात्काळ गाडीत टाकावी. उरलेले अंतर पूर्ण केले नाही म्हणून कोणताही सुज्ञ देणगीदार आपली रक्कम मागे मागत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक प्रत्येकाने पाठ करावेत.

पंढरपुरात चंद्रभागेवर पोहोचल्यावर विठ्ठलाच्या रांगेत उभे राहण्यास वेळ पुरेल असा परतीचा बेत आखावा. सायकली चाके काढून, गोणपाटात गुंडाळून टेंपोने पाठवाव्यात. आगगाडीने न्यावयाच्या असल्यास पार्सल कचेरीत त्यांची आगाऊ चौकशी करावी, ऐन वेळी जागा मिळतेच असे नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवसांच्या आत संपूर्ण जमाखर्च, संस्थेच्या पावतीसह आणि वस्तू प्रत्यक्ष पोहोचल्याच्या दाखल्यासह, प्रत्येक देणगीदाराकडे गेला पाहिजे, मग त्याने पन्नास रुपये दिलेले असोत वा पन्नास हजार. एवढे करण्याची तयारी ज्या मंडळींची नसेल त्यांनी पंढरपूरची सायकलफेरी आनंदाने काढावी. देणगी मात्र कोणाकडेही मागू नये.